सहीच्या आधीचे नऊ सेकंद

प्रश्न: मी सव्वीस वर्षांचा आहे. दिवसा हिशेबाची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांसोबत बारा मिनिटांचा प्रायोगिक लघुपट करतोय. विषय अस्तित्ववाद (माणूस आपल्या निवडींतून घडतो हा विचार) आणि स्वतःशी प्रामाणिक जगणं. नायक नोकरीचा राजीनामा देतो, घरातला आरसा फोडतो आणि समुद्राकडे चालत जातो. वरून त्याच्याच आवाजात निवेदन आहे. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, पाहून मित्र म्हणाले, ‘भारी आहे, पण पोचलं नाही.’ निवेदन वाढवू का? आणि एक गोष्ट मनाला खाते. मी स्वतः नोकरी सोडलेली नाही. मग या विषयावर बोलायचा मला हक्क आहे का?

उत्तर: तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

अस्तित्ववादी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या १९४३ सालच्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या ग्रंथातला कॅफेतला वेटर तुम्हाला माहीत असेलच. त्याची चाल जरा जास्तच झपाझप, गिऱ्हाइकापुढे तो वाकतो तेही जरा जास्तच तत्परतेने, आणि ट्रे नेताना दोरावरच्या डोंबाऱ्यासारखा तोल सांभाळतो. दौत जशी दौत असते, तसं त्याला वेटर असायचं आहे. म्हणजे मग निवडायचं काही उरतच नाही. ही आत्मवंचना. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि समजतात, वेटरने नोकरी सोडली की झालं. पण सार्त्र त्याला राजीनामा द्यायला सांगत नाही. उलट आत्मवंचनेची दुसरी बाजूही तो दाखवतो: आपण जे करत आलो ते अंगावरून झटकून ‘तो मी नव्हेच’ म्हणणं. तेव्हा ‘मी खरा दिग्दर्शक, हिशेबाचं काम हे नुसतं सोंग’ असं तुम्ही मनाशी म्हणत असाल, तर तीही फसवणूकच. हिशेब तपासणारे हात तुमचे आणि रात्री कट लावणारेही तुमचेच. ज्या प्रश्नात तुम्ही रोज दिवसभर बसलेले असता, त्याबद्दल बोलायचा हक्क तुम्हाला नाही तर कुणाला?

म्हणूनच तुमच्या नायकाचा राजीनामा मला खटकतो. राजीनामा दिला की माणूस मोकळा झाला, असं चित्रपट गृहीत धरून चालतो. त्यानंतर त्याला ठरवायचं काही राहतच नाही. समुद्राकडे चालणारा पाठमोरा माणूस दिसतो सुंदर, पण तो काही निवडत नसतो. नुसता चालत असतो.

एका लघुपटाच्या संकलनाच्या वेळची गोष्ट सांगते. प्रसंग एवढाच होता की एक बाई एका कागदावर सही करते. आठ टेक होते, आणि पेन कागदाला टेकतं तिथूनच सगळे सुरू होत होते. पाचव्या टेकला मात्र कॅमेरा चुकून लवकर सुरू झाला होता. ‘ॲक्शन’ म्हणायच्या आधी ती अभिनेत्री नुसती पेनचं टोपण काढत होती, लावत होती. टक. टक. तिसऱ्या वेळी टोपण अर्ध्यावर आलं आणि अंगठा तिथेच दाबून राहिला. नखाचं टोक पांढरं पडलं. तिचा चेहरा फ्रेममध्ये नव्हताही. नऊ सेकंद. मी ते नऊ सेकंद ठेवले आणि सही काढून टाकली. दिग्दर्शक दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग रात्री एकट्याने कट पाहिला आणि सकाळी येऊन म्हणाला, ‘सही नकोच.’ तिने सही केली का, हे त्या चित्रपटात आजही कळत नाही. पण ठरवणं म्हणजे काय, ते दिसतं.

तुमच्या नायकाचे हे नऊ सेकंद कुठे आहेत ते शोधा. माझा अंदाज, ते समुद्रावर नाहीत, टेबलावर आहेत. पावत्यांवर खूण करणारी पेन्सिल दोनदा खाली येते, तिसऱ्यांदा येत नाही. पण त्याआधी ती नेमाने खाली येताना प्रेक्षकाने पुरेशी पाहिलेली हवी. दिग्दर्शिका शांताल अकेरमनच्या १९७५ सालच्या ‘जान दिलमन’ या चित्रपटात एका गृहिणीची तीन दिवसांची दिनचर्या आहे, २०१ मिनिटांची. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात एवढंच होतं, आणि पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. कारण पहिला दिवस आपण तिच्यासोबत काढलेला असतो. तुमच्याकडे बारा मिनिटं आहेत. त्यातली निदान चार नेमाला द्या, आणि ती देताना घाबरू नका.

आरसा काढाच. माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड यांच्या १९४३ सालच्या ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ या लघुपटात चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली आकृती आहे, आरशाचं फुटणं आहे, काचा पडतात त्या समुद्रकिनाऱ्यावर. तुम्ही तो पाहिला असो वा नसो, ही प्रतिमा आता दुसऱ्याच्या हातून आलेली वाटते, आणि तुमच्या विषयाला हेच परवडणारं नाही. त्या चित्रपटाकडून घ्यायचीच तर किल्ली घ्या. एकच वस्तू पुन्हा पुन्हा येते आणि दर खेपेला तिचा अर्थ बदललेला असतो. तुमची किल्ली म्हणजे ती पेन्सिल.

आता निवेदन. वाढवू नका, काढा. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगितली. मोठा भाऊ जर्मनांच्या हल्ल्यात मारला गेलेला, आई याच्यावरच जगणारी. आईजवळ राहावं की इंग्लंडला जाऊन जर्मनांविरुद्धच्या लढ्यात सामील व्हावं? विद्यार्थी म्हणतो, ज्या भावनेची ओढ जास्त तिचं ऐकीन. पण आईवरचं प्रेम जास्त आहे हे कळणार कसं? तिच्यासाठी थांबलो तरच. भावना आधी आणि कृती मागून, असं नसतंच. तुमचं निवेदन मात्र भावना आधीच जाहीर करून टाकतं, मग पडद्यावर काही घडायची गरजच उरत नाही. तो ट्रॅक म्यूट करून एकदा कट पाहा. जिथे रिकामं वाटेल, तिथे वाक्य नाही, कृती कमी पडतेय.

त्याच व्याख्यानात आणखी एक मुद्दा आहे: सल्ला कुणाला विचारायचा हे निवडताना आपण उत्तरही बरंचसं निवडलेलं असतं. तुम्ही पटकथा लिहिणाऱ्याला नाही विचारलंत, चित्रपट कापणारीला, म्हणजे संकलन करणारीला विचारलंत.

प्रश्न: संवादच नसलेल्या लघुपटात पार्श्वसंगीत किती असावं?

उत्तर: आधी शून्य ठेवून पाहा. वर ज्याचा उल्लेख केला तो डेरेनचा चित्रपट मुळात मूकच होता. तेइजी इतोचं संगीत त्याला १९५९ मध्ये जोडलं गेलं, म्हणजे सोळा वर्षं तो संगीताशिवाय चालला. मात्र शून्य संगीत म्हणजे शून्य आवाज नव्हे. प्रत्येक जागेचं चित्रीकरण संपलं की सगळ्यांना जागच्या जागी थांबवा आणि एक मिनिट नुसता रूम टोन, म्हणजे त्या जागेचा कुणी बोलत नसतानाचा आवाज, घ्या. पंखा चालू असेल तर चालू ठेवून घ्या, बंद असेल तर बंद ठेवून. दिवसभराच्या कामाने सगळे कंटाळलेले असतात, कुणीतरी हटकून पाय हलवतं. मग पुन्हा घ्या.