चॉसर वाचायचाय? इथून सुरुवात करा

जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य 'बेवुल्फ' मुळातून वाचायला घेऊ नका. ती भाषा परकीच वाटते आणि बरेच जण तिथेच दमतात. चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स' या यात्रेकरूंच्या कथासंग्रहाचं प्रास्ताविक घ्या: ८५८ ओळी, रोज वीस पुरेत.

१०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं; त्यानंतर तिथल्या दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन. इंग्रजी राहिली शेतकरी-कारागिरांच्या तोंडी. पुढे तिच्यातच चॉसरने पिठाच्या चक्कीवाला, नांगऱ्या, सुतार उभे केले. मला तर तो चक्कीवाला आजही समोर दिसतो!

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- मोठ्याने वाचा. 'नाइट' (knight, सरदार) मधला आता मूक असलेला 'के' तेव्हा उच्चारत: 'क्निख्त'. मनातल्या मनात वाचलंत तर लय हरवते.
- प्रत्येक शब्दाला कोश उघडू नका. आधी ओळ पूर्ण करा, मग टीप बघा.

व्याकरण नंतर बघू. पहिल्या अठरा ओळी वाचून कळवा.