विनायक नावाच्या प्रसिद्ध व्यक्ती कोण कोण? नाशिकच्या शाळेतल्या भित्तिपत्रकासाठी सहा-सात नावं हवीत

सहा-सात सहज मिळतील. घोळ होतो तो एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर चिकटण्याचा. म्हणून प्रत्येक चौकटीत वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्म-मृत्यूची सालं हवीतच. यातलं एखादं गाळलं की काय होतं बघा : 'विनायक दामोदर' म्हटलं की सगळे सावरकर म्हणतात (जन्म भगूर, २८ मे १८८३, मृत्यू १९६६). पण मराठी चित्रपटातले मास्टर विनायक (१९०६–१९४७) हेही विनायक दामोदरच, आडनाव कर्नाटकी. अभिनेत्री नंदा त्यांची मुलगी.

नाशिकच्या शाळेसाठी मी तरी सुरुवात विनायक नारायण देशपांडे यांच्यापासून करेन. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्याच विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. त्या खटल्यात अनंत लक्ष्मण कान्हेरे आणि कृष्णाजी गोपाळ कर्वे यांच्याबरोबर देशपांड्यांनाही १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेऱ्यांचं नाव सगळ्यांना पाठ असतं, उरलेले दोघे 'इतर' मध्ये जातात. इथे एक खबरदारी घ्या : वध झाला तेव्हा सावरकर लंडनमध्ये होते आणि त्यांना झालेली शिक्षा जन्मठेपेची. दोन्ही विनायक अभिनव भारत या क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेचे, त्यामुळे मुलं हमखास दोघांची शिक्षा एक करून टाकतात. त्या चौकटीत शिक्षा आणि ठिकाण ठळक लिहा.

भावेही दोन आहेत. विनायक नरहरी भावे म्हणजे विनोबा (१८९५–१९८२), भूदानवाले. विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) ठाण्याचे, 'महाराष्ट्र सारस्वत'चे लेखक. नुसतं 'वि. भावे' छापलंत तर वाचणारा विनोबाच समजणार.

करंदीकरांचा गुंता त्याहून मजेशीर. विनायक जनार्दन करंदीकर (१८७२–१९०९) हे कवी, आणि जुन्या कवितासंग्रहांत त्यांच्या कवितेखाली बहुतेक वेळा फक्त 'विनायक' असतं. सावरकरही कविता करत, तेव्हा कविता उतरवून घेताना कवीचं आडनाव तपासूनच घ्या. विंदा करंदीकर मात्र या यादीत बसत नाहीत. ते गोविंद विनायक, म्हणजे विनायक त्यांच्या वडिलांचं नाव.

यादी मराठीबाहेर न्यायची असेल तर कन्नड साहित्यिक विनायक कृष्ण गोकाक (१९०९–१९९२) घ्या. त्यांना ज्ञानपीठ मिळालं होतं.

आणि आद्याक्षरावर विसंबू नका. वि. वा. शिरवाडकर म्हणजे विष्णू वामन, वि. स. खांडेकर म्हणजे विष्णू सखाराम. दोघांची जन्मनावं आणखी वेगळी : दत्तक जाण्याआधी कुसुमाग्रज गजानन होते आणि खांडेकर गणेश. ही दोन्ही गणपतीचीच नावं असल्यामुळे कुणीतरी 'मग तेही विनायकच की' असा युक्तिवाद करेलच. ऐकू नका.

शोधताना इंटरनेटवर 'विनायक देशपांडे' एवढंच टाकलंत तर भलतेच देशपांडे समोर येतील, 'विनायक नारायण देशपांडे १९१०' असं टाका. खात्री करायची असेल तर मराठी विश्वकोश आणि चरित्रकोश सार्वजनिक वाचनालयात बसून बघा. तिथल्या नोंदी बहुतेक आडनावाने लावलेल्या असतात, त्यामुळे नुसतं 'विनायक' शोधत बसाल तर हाती फारसं काही लागणार नाही.