मे महिन्याचा पगार

प्रश्न : मॅडम, मी सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झालेली आहे. आठ वर्षं एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, मराठी शिकवते. मानधन कधी दिवाळीनंतर, कधी थेट मार्च उलटल्यावर. मे-जूनमध्ये काहीच नाही. शिकवायला मनापासून आवडतं, पण हल्ली वर्गात चित्त लागत नाही. घरचे म्हणतात, शिक्षकानं पैशाकडे बघू नये. माझी निष्ठाच कमी पडतेय का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : नाही हो. निष्ठा कमी असती तर आठ वर्षं टिकला नसतात.

मी 1991 साली एका विनाअनुदानित महाविद्यालयात लागले. सही एका आकड्यावर, हातात त्याच्या निम्मे, तेही दोन-तीन महिन्यांनी. किराण्याचं दुकान वाटेवरच होतं. उधारीची वही फुगली की मी मागच्या गल्लीनं कॉलेज गाठायचे. फळ्यावर ओवी लिहिताना डोक्यात त्या वहीचा आकडा असायचा. तीन वर्षांनी दुसरीकडे अनुदानित जागेवर मान्यता मिळाली आणि पगार बँकेत जमा होऊ लागला. विषय तोच, मुलंही तशीच. पण घंटा झाल्यावर मी वर्गात थांबायला लागले. एक मुलगा निबंध दाखवायला यायचा. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करता करता कागद लाल व्हायचा. त्याच्यासोबत अर्धा-अर्धा तास बसायचे. आधी तोच वेळ खासगी शिकवणीला पळण्यात जायचा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडलं की पगार नसला तर असमाधान येतं, पण नुसत्या पगारानं समाधान येत नाही. ते कामातूनच येतं. संस्थाचालक यातला दुसरा भाग तेवढा ऐकवतात. पण हर्झबर्ग बोलले होते अभियंत्यांशी आणि हिशेबनिसांशी, नोकरीत असलेल्या माणसांशी. मे महिना कोरडा जाणाऱ्यांशी नव्हे.

तुमच्याच स्टाफरूममध्ये सातव्या वेतन आयोगानं 57,700 रुपये मूळ वेतनावर रुजू झालेले सहकारी असतील. त्यांना रजा आहे, महागाई भत्ता आहे. तुम्ही आजारी पडलात तर तास बुडतो आणि पैसेही. पेपर तपासणं, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली मात्र दोघांनाही. हे रोज बघून मन खट्टू होणारच, त्यात लोभ कसला? विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1500 रुपये, महिन्याला कमाल 50,000 असा दर सांगितला होता. तुमच्या हाती काय पडतं, ते त्याच्या शेजारी लिहून बघा.

दर वर्षीचं नेमणूकपत्र, तासांची नोंद, विद्यापीठाची मान्यता आणि अनुभव प्रमाणपत्र वेळच्या वेळी मागून घ्या. प्राचार्य बदलले की कागद सापडत नाहीत. आणखी किती वर्षं वाट बघायची, हे घरी बसून ठरवा. पैशाचा विषय तुम्हीच काढा, आणि तो काढताना आवाज खाली आणू नका.