पहिला मिनी पीसी घेताय? आधी एवढं बघा

भाऊ, बिलिंग, टॅली आणि पोरांचा अभ्यास एवढ्यासाठी मोठा टॉवर नकोच. मॉनिटरच्या पाठीमागे बसणारा छोटा डबा बिनधास्त घ्या. माझ्या मते घरगुती डेस्कटॉपचं पुढचं रूप हेच आहे.

नव्यात इंटेल एन१०० प्रोसेसर (मशीनचा मेंदू) पुरेसा. ऑफिसातून निघालेला जुना डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा लेनोवोचा थिंकसेंटर टायनी घेत असाल, तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच बघा. म्हणजे आय५-८५००टी घ्या, ७५००टी नको; डॅशनंतरचा आकडा ८ ने सुरू, म्हणजे आठवी पिढी. विंडोज ११ ला ७५००टी अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. नवशिके इथेच फसतात: नुसतं ‘आय७ आहे’ ऐकून सहाव्या पिढीचं मशीन उचलतात.

- रॅम (काम चालू असतानाची मेमरी) ८ जीबी, एसएसडी (फायली साठवायची डिस्क) २५६ जीबी. रॅम बोर्डावर सोल्डर (कायमची जोडलेली) असेल तर पुढे वाढत नाही, स्लॉट आहे का ते विचारा.
- अ‍ॅडॅप्टर मूळचाच मागा. भलताच लावला तर काही मशीन प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडतात.

आता आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, शिवाय कपाशीच्या हंगामातली धूळ. डबा बंद कपाटात ठेवू नका, चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडा. दर दोन महिन्यांनी प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा. पातं मोकळं राहिलं तर भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. लाइट जाते म्हणून ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस जोडा. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं), लिनक्स सर्व्हर वगैरे सध्या राहू द्या.