आधी विंडोज सुरू व्हावं म्हणून

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरवर उबुंटू आणि विंडोज दोन्ही आहेत. चालू केला की आपोआप उबुंटूच सुरू होतं, आईला मात्र विंडोज लागतं. काय करावं? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कॉम्प्युटर चालू होताना 'ग्रब' हा प्रोग्रॅम जी यादी दाखवतो, तीत विंडोजची ओळ कितवी ते बघा. मोजणी ० पासून, म्हणजे तिसरी ओळ २. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो नॅनो /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत), 'ग्रब_डीफॉल्ट=०' मधल्या ० जागी तो आकडा (इथे २) लिहून सेव्ह करा. बरेच जण इथेच थांबतात आणि मग वैतागतात! 'सुडो अपडेट-ग्रब' चालवल्याशिवाय बदल लागू होत नाही. यादीत वर नवी ओळ आली की आकडा चुकतो; त्यापेक्षा विंडोजच्या ओळीचं पूर्ण नाव, कंसातल्या डिस्कच्या नावासकट, अवतरणचिन्हांत लिहिलेलं बरं.