सोलर बसवलं तर खरंच परवडेल?

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं स्वतःचं घर आहे. महिन्याला सरासरी २४० युनिट जळतात. सोलर बसवावं का?

उत्तर : बसवा, पण आधी बारा महिन्यांची बिलं पुढ्यात घेऊन युनिट मोजा. १ किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, म्हणजे तुम्हाला २ किलोवॉट पुरे. जास्तीचा आग्रह मानू नका. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे न वापरलेली सोलर वीज वीज कंपनीला जाऊन बिलातून वजा होते त्या सोयीत, जादा युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण ३१ मार्चला उरलेल्यांना फार कमी दर मिळतो. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० रुपये अनुदान आहे, मात्र पॅनेल देशी सेलचीच (सेल म्हणजे पॅनेलमधले वीज बनवणारे छोटे भाग) हवीत. उरलेल्या खर्चाला वर्षाच्या बिलबचतीने भागा, म्हणजे पैसे किती वर्षांत वसूल होतील ते कळेल. स्थिर आकार बचतीत धरू नका, तो भरावाच लागतो.

गच्चीवर २०० चौरस फूट मोकळी जागा लागेल. पाण्याची टाकी पॅनेलच्या दक्षिणेला नको : डिसेंबरात तिची सावली लांबते आणि एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या रांगेची वीज घटू शकते. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याला चिकटवलेलं पॅनेल तापून कमी वीज देतं, खालून वारा खेळू द्या. आणि हो, लाईट गेली की बॅटरीविना सोलरही बंद पडतं.