सोसायटीच्या फॉर्ममध्ये फ्लॅट, विंग, सेक्टर आणि नोड (नवी मुंबईतला वाशी, नेरूळसारखा विभाग) असे चार रकाने आहेत. त्यांचा एकच पत्ता कसा बनवायचा?

जावास्क्रिप्टमध्ये चारही रकान्यांतला मजकूर एका यादीत, म्हणजे अ‍ॅरेमध्ये घ्या, प्रत्येकावर ट्रिम (कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन) चालवा, रिकामे फिल्टरने काढा आणि उरलेले जॉईनने स्वल्पविराम देऊन जोडा. नुसत्या अधिक चिन्हाने जोडू नका. नेरूळ, वाशीला सेक्टर असतो, पण ठाण्याच्या नौपाड्यातल्या सभासदाला तो रकाना रिकामाच सोडावा लागेल, आणि मग पत्त्यात मधेच दोन स्वल्पविराम लागोपाठ येतील. ट्रिम आधी हवंच, कारण कुणी फक्त स्पेस दाबली असेल तर फिल्टर ती रिकामी धरत नाही.

तयार झालेला पत्ता हिडन इनपुटमध्ये (फॉर्मवर न दिसणाऱ्या रकान्यात) टाका, तोही सबमिट इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म पाठवला जाताना. पान उघडतानाच टाकला तर रकाने अजून कोरे असतात. सर्व्हरला फक्त जोडलेला पत्ता हवा असेल तर नेम (टॅगमधलं name) फक्त त्या हिडन इनपुटला द्या. नेम नसलेला रकाना फॉर्मबरोबर जात नाही, हा एचटीएमएलचाच नियम आहे.

मात्र उद्या ‘फक्त वाशीचे सभासद’ अशी यादी लागणार असेल, तर डेटाबेसमध्ये चारही रकाने वेगळेच ठेवा आणि पत्ता दाखवताना जोडा. एकदा जोडलेला पत्ता स्वल्पविरामावर तोडून परत नीट मिळत नाही. कुणी एखाद्या रकान्यातच स्वल्पविराम लिहिलेला असू शकतो.